घरातला चौक आणि रहदारी विभाग

चष्मेवाल्या काकांना स्वयंपाकघराची खिडकी वीतभर मोठी करायची होती. मागणी साधी होती, म्हणून पालिकेने ती गांभीर्याने घेतली आणि पाहणीला एक तपासनीस धाडला.

तपासनीस पुढची खोली ओलांडून आत आला आणि थबकला. चारी बाजूंनी खोल्या, मधे उघडं आकाश. उन्हात सूनबाई केस वाळवत बसली होती.

"हे काय?"

"चौक," काका कौतुकाने म्हणाले. "घराचा जीव आहे आमच्या!"

"चौक असेल तर आमच्याकडे नाही. चौक रहदारी विभागाकडे येतात."

काका हसले. तपासनीस हसला नाही. त्याने तसा कागद रहदारी विभागाकडे धाडला.

खिडकीचं प्रकरण जागचं हललं नाही, चौकाचं मात्र धावत सुटलं. रहदारी विभागाचे अभियंते जातीने आले. नेमक्या त्याच वेळी काकू स्वयंपाकघरातून दुधाचं पातेलं घेऊन निघाल्या, सूनबाई न्हाणीघरातून बादली घेऊन आली, आणि चौकाच्या मधोमध दोघींची टक्कर झाली. सासूसुनेचं नेहमीचंच, पण अभियंत्यांनी 'अपघातप्रवण क्षेत्र' असा शेरा मारला.

चौकात सिग्नल उभा राहिला.

"अहो, हात भाजतायत माझे! हिरवा कधी होणार?" काकू पातेलं धरून ओरडायच्या.

"थांब गं, न्हाणीघराकडच्यांना आधी सोडलंय," काका पलीकडून म्हणायचे. त्यांनाही जेवायला जायचंच होतं.

मग विभागाच्या ध्यानात आलं, की चौकाला मिळणारे दोन रस्ते दारं लावून अडवलेले आहेत.

"ती आमच्या घराची दारं आहेत हो!" काका कळवळले.

"अतिक्रमण करणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," अभियंते समजूतदारपणे म्हणाले. पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं उतरवली गेली.

काका तावातावाने तक्रार करायला गेले, कचेरीत दिवसभर ताटकळले आणि संध्याकाळी तोंड पाडून परतले. पाहतात तर चौक माणसांनी फुललेला! लोक आरपार जायला म्हणून शिरले होते, पण वर आकाश दिसताच पाय निघेना. कोणी पायरीवर टेकलं होतं, कोणी खांबाला. काकू ओळख ना पाळख अशा बायकांशी वर्षानुवर्षांची मैत्री असल्यासारख्या बोलत होत्या. काकांचा राग कुठल्या कुठे गेला. तेही जरा जागा करून घेऊन बसले.

शेजारी कोण, तर अभियंते! सहकुटुंब.

"साहेब, तुम्ही इथे?"

"घरी जीव घुसमटतो हो. वाऱ्याची झुळूक म्हणून नाही."

"बाल्कनी नाही?"

"होती. काचा लावून खोली केली. मोकळी जागा नुसती वाया जात होती."

"परवानगी काढलीत?"

"परवानगी कसली? सगळेच करतात!"

चौकातल्या एकूण एक माणसाने मान डोलावली.

तुम्हीही डोलावलीत ना? मग या की. फक्त जरा लवकर निघा. तुमच्या इमारतीतले बाकीचे सगळे केव्हाच येऊन बसलेत.