प्रमोद देवरे यांची फौज

रविवारच्या फेरीची तयारी सुजाता देवरे आठवडाभर करत होती, आणि बुधवारी तिच्या नवऱ्याने भर सभेत परक्या देशात फौज पाठवून दिली. आता प्रमोदला कोणी विचारलं असतं तर त्याने हात जोडून सांगितलं असतं की बाबांनो, मी कुठेही काहीही पाठवलेलं नाही, मी मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. पण त्याला कोणी विचारलंच नाही.

झालं होतं असं की, तिकडे दूर एका देशात यादवी पेटली होती. एकाच गावातले लोक एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि ती थांबवायला आपलं सैन्य जाणार अशी कुजबुज टीव्हीवर सुरू झाली होती. तो देश नकाशात नेमका कुठे आहे हे सिल्वासात फार जणांना ठाऊक नव्हतं, पण आपली पोरं तिकडे जाऊ नयेत यावर नरोली रोडवरच्या सगळ्या सोसायट्यांचं एकमत होतं. सुजाताचं तर होतंच. तिचा धाकटा भाऊ निलेश फौजेत होता आणि त्याच्या पलटणीचं नाव त्या कुजबुजीत होतं. शाळेत शिकवून घरी आली की ती आधी बातम्या लावायची आणि मग चप्पल काढायची. तिनेच मराठी मंडळाला हलवलं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता किलवणी नाक्यावर शांतता फेरी ठरली. मंडळाचे अध्यक्ष सुधाकरराव, त्यांच्या सौभाग्यवती वासंतीकाकू आणि सेक्रेटरी योगेश हे तिघं आयोजक, आणि बोलणारही तेच.

वातावरण तापावं म्हणून योगेशने मंडळाच्या वर्धापनदिनाच्या वादविवादाला तोच विषय ठेवला. चूक झाली ती इथे. झाडून सगळ्या स्पर्धकांनी विरोधाची बाजू घेतली. मंगळवारी रात्री योगेश प्रमोदच्या दारात उभा.

"सर, मरतोय मी. बाजूने बोलायला एक माणूस नाही. स्पर्धा आहे ही, शोकसभा नाही!"

"अरे पण मी विरोधात आहे."

"सगळेच विरोधात आहेत, सर! म्हणून तर तुम्ही पायजे. पाच मिनिटं कायपण बोला आणि बसून जा. वापीहून परीक्षक बोलावलेत यार, माझी इज्जत जाईल."

प्रमोद दिवसभर कारखान्यात माल नाकारत असे. त्यामुळे नाही म्हणायची त्याची सगळी ताकद संध्याकाळपर्यंत संपलेली असायची. तो हो म्हणाला. सुजातालाही त्याने सांगितलं, आणि तीही हसून म्हणाली, "बोला की. तुमचं कोण ऐकतंय?"

बुधवारी मात्र सगळ्यांनी ऐकलं. आधीच्या स्पर्धकांनी एकच भाषण पाळीपाळीने केलं होतं, आणि लोक समोशांची वाट बघत होते. प्रमोद उठला, आपलं कोणी मनावर घेणार नाही या खात्रीने मोकळा सुटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरा बोलला. शेजारच्या घरातून किंकाळ्या येताहेत आणि आपण दार लावून टीव्हीचा आवाज वाढवतोय, असं काहीतरी तो म्हणाला. आपली लेकरं आणि त्यांची लेकरं यांत फरक करणारे आपण कोण, असंही म्हणाला. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि पहिल्या बक्षिसाची ढाल प्रमोदला देऊन टाकली. सुजाता पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

गुरुवारी ते भाषण सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. फरसाणवाला पप्पू गल्ल्यावरून ओरडला, "साब, क्या बोले! भेज ही दो फौज!" शेजारच्या रजनीताई सुजाताला म्हणाल्या, "फेरीला यायचंच होतं गं, पण तुझ्या मिस्टरांचं ऐकलं आणि डळमळले." शाळेतल्या दोन शिक्षिकाही डळमळल्या. शुक्रवारपर्यंत इतकी माणसं डळमळली की फेरी निघते की नाही अशी वेळ आली.

"अगं, बाजू दिली होती मला," प्रमोद काकुळतीला येऊन म्हणाला. "तुलाच सांगून गेलो होतो ना!"

"सांगितलं होतंत. पण इतकं मनापासून बोलणार हे कुठे सांगितलं होतंत?" सुजाता म्हणाली, आणि बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे घरातल्या घरात बंद. शनिवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला: 'ज्यांना लोकांच्या भावांना लढायला पाठवायचे आहे त्यांनी आपला डबा आपण करून घ्यावा.' मेसेजला नाव नव्हतं, पण सोसायटीत भाऊ पाठवणारा एकच होता. त्याखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. प्रमोदनेही गडबडीत एक टाकलं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सुधाकरराव, वासंतीकाकू आणि योगेश. योगेशच्या हातात फाफडा-जिलेबीचा पुडा.

"हे बघा प्रमोद," प्रशासनातून निवृत्त झालेल्या आवाजात सुधाकरराव म्हणाले, "दुसऱ्याच्या घरगुती बाबतीत पडायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. फक्त पाच मिनिटं बसतो."

सुधाकररावांनी पंख्याखालची खुर्ची घेतली आणि लगेच व्यवस्था लावली. प्रमोदने हॉलमध्ये राहायचं, सुजाताने बेडरूममध्ये, आणि स्वयंपाकघर वासंतीकाकूंच्या ताब्यात, म्हणजे तिथे ठिणगी पडायला नको. दोन्ही पक्षांनी थेट बोलायचं नाही, जे काय असेल ते योगेशमार्फत.

"पण आम्ही तसेही बोलत नाही आहोत," प्रमोद म्हणाला.

"तेच तर आपल्याला सोडवायचंय!"

टॉयलेट बेडरूमच्या बाजूला होतं. अकराच्या सुमारास प्रमोदला जायचं झालं तेव्हा योगेश आत जाऊन विचारून आला. "मॅडम हो म्हणाल्या, सर. पण इकडेतिकडे बघायचं नाही." घरात सगळीकडे वासंतीकाकूंच्या फोडणीचा धूर झाला होता. त्यांना डबे सापडत नव्हते, म्हणून त्यांनी सगळे खाली काढले होते.

दुपारी जेवणं झाली, आणि प्रकरण भलतीकडे गेलं. वासंतीकाकू सुजाताची बाजू समजून घ्यायला बेडरूममध्ये गेल्या, आणि समजून घेता घेता त्यांना स्वतःचंच सगळं आठवलं. "अगं, तुझा निदान भाषणात बोलला," त्यांचा आवाज हॉलपर्यंत आला. "ह्यांनी माझ्या भावाला भर मांडवात घरी जायला सांगितलंन. स्वतःच्या मुलीच्या लग्नात!"

सुधाकरराव खुर्चीतून उठले. "दारू पिऊन आला होता तो! आरती करायला हवी होती काय त्याची?"

"बघ, बघ कसे बोलतात!"

योगेश मध्ये पडला. त्याला दोन्हीकडून बोलणी बसली. एकीकडे तो काकांचा चमचा ठरला, दुसरीकडे बायकांच्या बाजूचा. घाबरून त्याने मदतीला बायकोला फोन केला. पूजा तरातरा वर आली आणि दारातच कडाडली, "पडदा लाव म्हटलं तर तुला टाइम नाही, आणि दुसऱ्यांची घरं जोडायला सकाळपासून बसलायस? चाल घरी!"

"पूजा, इथली परिस्थिती नाजूक आहे. असं सोडून नाही येता येत."

साडेचारला घरात दोन कडाक्याची भांडणं चालू होती, आणि त्यांतलं एकही देवऱ्यांचं नव्हतं. प्रमोद पाण्याचा पेला घेऊन हळूच जिन्यात आला, तर पायरीवर सुजाता बसलेली.

"तू इथे?"

"काकू रडतायत. म्हणाल्या, मला जरा एकटीला राहू दे." ती आपण बोलत नाही हे विसरली होती. "तुम्ही?"

"माझ्या दिवाणावर पूजा बसलीये. मी खोकलो तर म्हणाली, भाऊ, तुम्ही मध्ये बोलू नका."

सुजाताला हसू आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "निलूचा फोन आला होता रात्री. ऐकलं त्याने तुमचं भाषण."

प्रमोदने पेला पायरीवर ठेवला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, दाजी छान बोलतात. बस, इतकंच." तिने पदराने नाक पुसलं. "का पाठवायचं ते तुम्ही सांगितलंत. खरंच छान सांगितलंत, मलाही रडू आलं. पण तो परत कधी येणार, ते बोललात का?"

आतून सुधाकररावांचा आवाज आला, "हे मिटल्याशिवाय मी इथून हलणार नाही!" प्रमोद बंद दाराकडे बघत राहिला. सकाळी ही माणसं पाच मिनिटांसाठी आली होती. वाईट त्यांच्यात कोणीच नव्हतं.

"नाही गं," तो म्हणाला. "सुचलंच नाही मला."

तेवढ्यात सुजाताचा फोन वाजला. किलवणी नाक्यावरून तिच्या शाळेतली मृणाल बोलत होती. "मॅडम, पब्लिक जमलंय, थोडंच आहे पण आहे. सुधाकरकाका कुठायत? बोलणार कोण? इथे चणेवाला येऊन उभा राहिलाय, उगाच तमाशा वाटतोय."

सुजाताने दाराकडे पाहिलं. आयोजक आत अडकले होते. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. प्रमोदला नाही म्हणता येत नसे हे मागे सांगितलंच आहे, पण या वेळी तो विचारायच्या आधीच उठला. दारातल्या चपला पायात सरकवून दोघं स्कूटरवरून गेले; स्कूटरची किल्ली प्रमोदच्या खिशात होती.

नाक्यावर प्रमोदला बघून कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "हा तर पलीकडचा!" माईक नव्हता. तो चणेवाल्याच्या स्टुलावर चढला.

"बुधवारी मी फार छान बोललो," तो म्हणाला. "आज तसं जमणार नाही. आज सकाळी आमच्या घरात भांडण होतं. ते मिटवायला चांगली माणसं आली, फाफडा घेऊन आली. आता घरात दोन भांडणं आहेत, दोन्ही त्यांची. आम्ही दोघं इथे."

लोक हसले. चणेवालाही हसला. प्रमोदने हसणं ओसरू दिलं.

"माझा मेहुणा फौजेत आहे. निलेश. त्याला मी पाच मिनिटांत पाठवून दिलं आणि ढाल घेऊन घरी आलो. तो परत कधी येणार हे मला कोणी विचारलं नाही, आणि मला माहीतही नव्हतं. ज्याला ते सांगता येत नाही त्याने पाठवू नये. बस, इतकंच."

मागे उभ्या असलेल्या रजनीताई, ज्या नुसतं बघायला म्हणून आल्या होत्या, पुढे आल्या आणि त्यांनी मृणालच्या हातातला एक फलक घेतला. मग बाकीचेही हलले. फेरी कचेरीच्या रस्त्याने निघाली. 'आमची माणसं पाठवू नका' असं लिहिलेल्या कापडाचं एक टोक सुजाताने धरलं होतं, दुसरं प्रमोदने, आणि वाटेत दोनदा तिने त्याला सांगितलं की तुमची बाजू खाली जातेय, जरा वर धरा.

अंधार पडल्यावर दोघं घरी पोचले. घराची किल्ली आतच राहिली होती, म्हणून प्रमोदने स्वतःच्याच दाराची बेल दाबली. आतून हसण्याचे आवाज येत होते आणि कांदाभज्यांचा वास सुटला होता. बऱ्याच वेळाने सुधाकररावांनी दार उघडलं. त्यांच्या पायात प्रमोदच्या सपाता होत्या, मागे वासंतीकाकू आणि पूजा ताटं मांडत होत्या, आणि सगळ्यांचं सगळं मिटलेलं दिसत होतं.

"अरे वा, या या!" सुधाकरराव प्रसन्नपणे म्हणाले. "चपला बाहेरच काढा हं, वासंतीने आत्ताच लादी पुसलीये. आणि आता आलाच आहात, तर जेवूनच जा."