मल्लप्पाअण्णा आणि लेपा

आमचे शेजारी मल्लप्पाअण्णा गळ्यात लिंग बांधणारे, पक्के शाकाहारी. शेजारी कुणी आम्लेट केलं तरी खिडकी लावून घेणारे. असा माणूस रविवारी मासळी बाजारात उभा असतो, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं.

नाकाला उपरणं लावून अण्णा बर्फावरच्या एकाच माशापुढे थांबायचे. लेपा. चपटा, चपलेच्या तळासारखा. विकत काही घ्यायचे नाहीत. मासेवाली वैतागून म्हणायची, घेणार न्हाई तर उजेड तरी सोडा की.

घरी आले की मला धडा. "नोड्री, बघा की, ह्यो किनाऱ्याजवळ, पार तळाला पडून ऱ्हातो. अंगावर वाळू उडवून घेतो, मग कुनाला दिसत न्हाई. जल्माला येतो तवा दोन बाजूंना दोन डोळे. मग एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो. पुढं जल्मभर एकाच बाजूनं बघतो." सात रस्त्याजवळच्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात कुकरची शिट्टी मागायला आलेली बाईही लेप्याचे डोळे ऐकून जायची.

लोक म्हणत, म्हातारा चोरून मासे खात असणार.

कारण वेगळं होतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, गौरीनं, रत्नागिरीकडच्या मच्छीमाराशी लग्न केलं, तेव्हा अण्णांनी तिला दार बंद केलं. पोरगी बाटली, म्हणाले. बायको आधीच वारलेली. समजूत घालणारं कुणी नव्हतं. गेल्या वर्षी गौरी काविळीनं गेली. त्यानंतर अण्णांची ही फेरी सुरू झाली. जावयाच्या जाळ्यात लेपा फार लागतो, एवढंच त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं.

यंदा जावई सदानंद तिच्या साड्या द्यायला आला. त्याच्यासमोर एकट्यानं बसायचा धीर होईना म्हणून अण्णांनी मला बोलावलं. मग अण्णांनी लेप्याचं सुरू केलं. वाळू, सरकणारा डोळा. लहानपणापासून समुद्रावर जाणारा तो माणूस पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा मान हलवत राहिला.

अण्णा थांबल्यावर तो म्हणाला, "मामा, तिनं शेवटपर्यंत मासा खाल्ला नाही. मला तळून द्यायची आणि स्वतः वरणभात घेऊन पडवीत बसायची."

अण्णा साड्यांच्या पिशवीकडे बघत राहिले. मग विचारलं, "आता सैपाक कोन करतं?"

"मीच. जमेल तसा."

अण्णा उठले आणि त्याच्यासाठी अंथरूण घालू लागले. पाठमोरेच म्हणाले, "उद्याची यष्टी चुकव की."