उशी नामंजूर

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर लाँड्री चालवणाऱ्या मावशींना एक रिकामे खोके हवे होते. या साध्या मागणीतून पुढे जे कार्य उभे राहिले, त्याचा वृत्तांत समितीचा सचिव या नात्याने मी येथे नोंदवत आहे. नंतर लोक काहीबाही बोलतात, त्यापेक्षा अधिकृत काय ते एकदा सांगून टाकलेले बरे.

मावशींचा मुलगा सैन्यात आहे. त्याची तुकडी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात शांतता राखायला गेली आहे. तिथे शांतता किती आहे ते ठाऊक नाही, पण मुलाला झोप अजिबात नाही, असे मावशींचे म्हणणे. रात्री पहारा असतो, आणि दिवसा डोके टेकावे तर तिथली उशी विटेसारखी. त्याने फोनवर आईकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे त्याची घरची जुनी कापसाची उशी. मावशींनी तिला नवा अभ्रा शिवला, कडक इस्त्री केली आणि उशी काखेत घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, तुमच्याकडे नवा ओव्हन आलाय ना? त्याचं खोकं द्याल का? उशी पाठवायचीय पोराला."

माझी बायको खोके आणायला आत वळलीसुद्धा. मी तिला थांबवले. माझी अख्खी नोकरी एका मोठ्या कार्यालयाच्या जावक विभागात गेली आहे. कोणतीही वस्तू अशी मनात आले म्हणून उठून बाहेर जात नसते, हे मला कळते.

"मावशी," मी म्हणालो, "सैनिकाला काही पाठवायचं म्हणजे तो तुमचा एकटीचा प्रश्न राहत नाही. तो समाजाचा प्रश्न होतो."

"उशीचा?" मावशींनी विचारले.

"अहो, खोकं तेवढं देऊन मोकळे व्हा ना," बायको म्हणाली. बायकोला संस्थात्मक दृष्टी नाही.

येत्या रविवारी बैठक बोलावली. 'सागरपार सैनिक स्नेहपेटी समिती' हे नाव ठरवण्यातच ती संपली. पुढच्या बैठकीत पदे वाटली. अध्यक्षपदी बँकेतून निवृत्त झालेले व्यवस्थापक आले, कारण त्यांचा आवाज मोठा आहे आणि ऐकणारे घरात कुणी उरलेले नाही. खजिनदार म्हणून दातांच्या डॉक्टरांना घेतले. त्यांच्या खुर्चीतून काही न देता उठलेला माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. मावशींना 'निमंत्रित' असा दर्जा देण्यात आला. निमंत्रितांना मत नसते, पण त्यांना सर्वांचे ऐकता येते.

वर्गणी धो धो आली. खोटे कशाला बोला, आमची सोसायटी पाण्याच्या मोटारीसाठी पैसे काढताना कुरकुरते, पण सैनिक म्हटले की तिचा ऊर भरून येतो. प्रत्येक देणगीदाराचा एकच प्रश्न होता, पेटीवर नाव कोणत्या बाजूला येणार? पेटीला सहाच बाजू असतात आणि त्यांतली एक खाली जाते, ही अडचण आम्ही आधी लक्षात घेतली नव्हती. खालच्या बाजूला कुणीच तयार होईना. शेवटी तिथे सचिवाचे नाव घातले.

मग पेटीत काय असावे, हा विषय आला. मावशींनी उशी टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"ही उशी आहे," ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे झोपायची."

"झोपायचीच. पोराला झोप नाही हो. परवा फोनवर बोलता बोलता गप्प झाला, मला वाटलं फोन कट झाला. तर उभ्या उभ्या डोळा लागला होता."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मावशी, भावना समजू शकतो. पण आपण देणगीदारांना सांगितलंय की तो तिकडे डोळ्यांत तेल घालून उभा आहे. त्या कल्पनेला लोकांनी पैसे दिलेत. आता त्याच पैशांतून आपण उशी पाठवली, तर त्याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ असा होतो," डॉक्टर म्हणाले, "की समितीच त्याला झोपवतेय."

मुद्दा बिनतोड होता. उशी एकमताने नामंजूर झाली. ती 'पुढील बैठकीत फेरविचारार्थ' ठेवण्यात आली. आमच्याकडे ज्या गोष्टीचा विचार करायचा नसतो, तिचा फेरविचार करतात.

उशीऐवजी सैनिकाच्या खऱ्या गरजा कोणत्या, हे ठरवण्यासाठी देणगीदारांची मते मागवली. सैनिकाला विचारावे, अशी सूचना माझ्या बायकोने खिडकीतून केली, पण ती सभासद नव्हती. मतांनुसार पेटीत पुढील वस्तू गेल्या: समितीचे बोधचिन्ह छापलेले गजराचे घड्याळ, कडक कॉफीचे डबे, डॉक्टरांतर्फे दात घासण्याच्या पेस्टच्या इतक्या नळ्या की अख्ख्या तुकडीचे दात पेन्शनपर्यंत टिकावेत, अध्यक्षांनी स्वखर्चाने छापलेले 'माझी बँकेतील वाटचाल' हे आत्मचरित्र, आणि सर्व देणगीदारांची नावे कोरलेली पितळी पाटी. ती तंबूत लावता यावी म्हणून खिळेही दिले. तंबूला खिळे कसे ठोकतात, हे तो पाहून घेईल असे ठरले. सैन्यात तेवढे शिकवत असतील.

पेटी गच्च भरली. मावशी कोपऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या.

"एक कोपरा मिळेल का?" त्यांनी विचारले. "दाबून बसवते मी. उशी दबते."

"उशी दबेल, पण पाटी वाकेल," डॉक्टर म्हणाले.

"मग मी माझी माझी वेगळी पाठवते."

तेव्हा त्यांना नियम समजावून सांगावा लागला. सैन्याच्या टपालातून एका जवानाला तीन महिन्यांत एकच पेटी जाते. ती आमची जाणार होती. मावशींनी उशी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि खाली निघून गेल्या. मला थोडे चुकचुकल्यासारखे वाटले, पण इतिवृत्तात चुकचुकण्यासाठी रकाना नसतो.

पेटी समारंभपूर्वक रवाना झाली. ती पोहोचल्याचा, म्हणजे उघडल्याचा, म्हणजे पाटीसकट त्याने हसत हातात धरल्याचा फोटो कधी येतो, याकडे सोसायटीचे डोळे लागले. फोटोसाठी प्रवेशद्वारापाशी भिंतीला रंगही दिला. आणि नेमक्या याच सुमारास मावशी धावत वर आल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटले, फोटो आला.

"पोराला सुट्टी मिळाली!" त्या म्हणाल्या. "येतोय तो! म्हणतो, आई, मला काही करू नकोस, कुणाला बोलावू नकोस. मला फक्त झोपू दे. आठ दिवस नुसता झोपणार म्हणतो."

तातडीची बैठक बोलवावी लागली. परिस्थिती गंभीर होती. पेटी समुद्रावर होती आणि लाभार्थी घरी यायला निघत होता.

"लोकांनी सागरपार सैनिकासाठी पैसे दिलेत," अध्यक्ष म्हणाले. "तो सागराच्या अलीकडे आला, तर आपण हिशेब काय दाखवायचा? पेटी तळमजल्यावर पाठवली?"

"सुट्टी पुढे ढकलता येईल का, एवढं फक्त विचारून बघा त्याला," डॉक्टर मावशींना म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. दाढ काढण्याआधी ते असेच बोलतात. "पेटी मिळेपर्यंत. एक फोटो काढला की मग खुशाल ये म्हणावं."

आजवर निमंत्रितांनी समितीला कधी नकार दिला नव्हता. त्या दिवशी मावशी उठून उभ्या राहिल्या.

"दोन वर्षं झाली मी त्याला बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे कपडे मी धुते, इस्त्री करते, कधी एक बटण हरवू दिलं नाही. पण हे नाही चालायचं. तो माझा मुलगा आहे, तुमच्या पेटीचा पत्ता नाही."

आणि त्या दार न लावता निघून गेल्या. अध्यक्षांनी हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नये अशी सूचना केली. मी ते घेतलेले नाही. इथे लिहिले आहे, ते वेगळे.

यानंतर जे घडले त्यात समितीचा काही दोष नाही. पेटी तिकडे पोहोचली ती नेमकी तो निघायच्या सकाळी. माणूस सुट्टीवर असताना त्याची पेटी तिथे ठेवून घेत नाहीत, ज्याची त्याने न्यावी असा तिथला नियम. विमानात वजनाची मर्यादा. तेव्हा त्या मुलाने स्वतःची बॅग मित्राकडे ठेवली आणि आमची पेटी खांद्यावर घेऊन तो घरी निघाला. वाटेत विमानतळावर तपासणीच्या वेळी पेटीतून टिकटिक ऐकू आली. पुढचे विमान चुकले. गजराचे घड्याळ ही नेमकी काय वस्तू आहे आणि इतकी पेस्ट कशासाठी, याची उत्तरे घेत त्याला एका बाकावर बसवून ठेवले होते. तिथे पहारेकऱ्याने त्याला झोपू दिले नाही. संशयिताने झोपायचे नसते.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत पोहोचला. मावशींनी घरात पडदे ओढून ठेवले होते, अंथरूण घातले होते, लाँड्रीच्या दारावर 'बंद' अशी पाटीही लावली होती. पण त्याआधी प्रवेशद्वारातच अध्यक्षांनी त्याला गाठले. सभागृह फक्त त्याच दिवशी अकरा वाजता मोकळे होते. आणि पेटी तर त्याने आणलीच होती. मी ती रीतसर आवक नोंदवून घेतली, म्हणजे ती पुन्हा द्यायला समिती मोकळी.

"काका, मी जरा पडतो. संध्याकाळी येतो ना," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे लाल होते आणि तो भिंतीला टेकून बोलत होता.

"अरे, पाच मिनिटांचं काम आहे," अध्यक्ष म्हणाले.

मावशी मध्ये पडल्या. पण मुलगाच म्हणाला, "राहू दे आई. एवढं केलंय त्यांनी." हे वाक्य मात्र मी इतिवृत्तात घेतले आहे.

सभागृह खचाखच भरले होते. मंचावर मोठा फलक होता: 'तुम्ही जागे आहात, म्हणून आम्ही निवांत झोपतो.' फलकाखाली मुलगा, त्याच्या पुढ्यात पेटी. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि बँकेत कारकून म्हणून लागले तिथून त्यांनी सुरुवात केली. ते शाखाधिकारी होईपर्यंत मुलाची मान पेटीवर टेकली होती. तो झोपला होता. तोंड किंचित उघडे, एक हात खाली लोंबकळलेला. एवढा उंच गडी, पण झोपेत शाळकरी पोरासारखा दिसत होता.

सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणाले, "आभाराचं भाषण राहिलंय ना त्याचं?" दुसरा म्हणाला, "तिकडेही असंच चालत असेल." अध्यक्षांनी घसा खाकरला, मग आणखी मोठ्याने खाकरला.

मावशी मंचावर चढल्या आणि मुलाच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. "हळू बोला," त्या म्हणाल्या. "हात जोडते. दहा मिनिटं हळू बोला."

सांगायला अभिमान वाटतो, सभागृह खरोखर शांत झाले. लोक पाय न वाजवता उठले. कुणी खुर्ची सरकवली नाही. सगळे अलगद मंचाजवळ आले आणि एकेकाने फोन काढले. झोपलेल्या जवानाबरोबर प्रत्येकाला एक फोटो हवा होता. पहिले काही फोटो आवाज न होता निघाले. मग कुणाचा तरी फ्लॅश उडाला.

मुलगा ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे कोसळली. एका हाताने त्याने आईला आपल्या पाठीमागे ओढले आणि दुसरा हात कमरेशी गेला, जिथे तेव्हा काहीच नव्हते. डोळे सताड उघडे, पण त्या डोळ्यांना आम्ही दिसत नव्हतो. तो धापा टाकत होता. खरे सांगतो, मी दोन पावले मागे सरकलो.

आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या आमच्याकडे यापूर्वी कधी पडल्या नव्हत्या. "याला म्हणतात जवान!" डॉक्टर ओरडले. एकट्या मावशी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत, "मी आहे रे, मी आहे," एवढेच म्हणत होत्या.

त्याच क्षणी काढलेला फोटो फार सुंदर आला. प्रवेशद्वाराच्या भिंतीवर तो लावला आहे, पण तुम्हाला तिथवर यायची गरज नाही. तो तुमच्याही फोनवर आला असेल. मागे फलक, पुढे सताड डोळ्यांचा जवान आणि खाली दोन ओळी देशप्रेमाच्या. तुम्ही हात जोडलेले चित्र टाकून तो दहाजणांना पुढेही पाठवला असेल. सकाळी, अंथरुणातूनच, झोप पूर्ण झाल्यावर.