त्रेचाळीस नंबरचं लेबल

मी नेव्हिल क्रॉक्सफर्ड. तीस वर्षं शाळेची बस चालवली. नुसत्या आरशात बघून गुन्हेगार ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या क्वीन्सलँडमध्ये नाही. आमच्या गावच्या कृषी प्रदर्शनात जॅम-लोणच्यांच्या टेबलाचा राखणदार म्हणून दरवर्षी मलाच नेमतात. दुसरं कुणी तयार होत नाही, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी सकाळी नऊला मर्ल टॅनर किंचाळली. तिच्या लिंबाच्या मार्मालेडच्या लेबलावरचा त्रेचाळीस हा आकडा पार उडाला होता. दहाला परीक्षक येणार आणि बिननंबरी बाटली सरळ बाद! अकरा वर्षं दुसरी येणाऱ्या या बाईने यंदा तरी पहिलं यावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"जॉईस!" मी गरजलो. पहिली येते ती जॉईस. "तिनेच पुसलं!"

"जॉईस मंगळवारपासून लेकीच्या बाळंतपणाला गेलीय," डोरीन म्हणाली. ही प्रदर्शनाची चिटणीस. लेबलं तीच छापते.

"मग तुझ्या प्रिंटरची शाई संपली."

"यात शाई नसतेच रे बाबा. कागदच उष्णतेने काळा होतो."

"शाई नाही? म्हणजे तीही चोरीला गेली!" मी वहीत टिपून घेतलं. "किंवा मग उन्हाने उडालं."

"साठातल्या एकाच बाटलीला ऊन लागलं?"

डोरीनने लेबलावर बोट फिरवलं आणि हुंगलं. "नारळाचा वास येतोय."

"नेव्हिल, हात दाखव," मर्ल म्हणाली.

हात कोपरापर्यंत पांढरे होते. हॉलच्या दारात सनस्क्रीनची मोठी बाटली ठेवलेली असते. आत-बाहेर करताना दरवेळी दोनदा दाबून घेतो. कातडीची काळजी नको का घ्यायला?

"तेलकट काही लागलं की या कागदावरचं उडतं," डोरीन म्हणाली. "म्हणून तर 'लेबलांना हात लावू नये' अशी पाटी आहे."

पाटी मीच लावली होती.

"राखणदाराच्या हातून बिघडलं, असं लिहून दिलंस तर नवं छापता येईल. पण मग राखणदाराचा बिल्ला परत करावा लागेल."

बिल्ला काढून डोरीनसमोर ठेवला. मग सही केली. प्रिंटर खरखरला आणि नवा त्रेचाळीस बाहेर आला.

लेबल चिकटवता चिकटवता मर्लने विचारलं, "बाकीच्यांना सोडून माझ्याच लेबलाला एवढा हात का लावलास?"

"सरळ बसलंय का, ते बघत होतो."

"किती वेळा?"

"एकोणीस."

"एवढं आवडतं तुला मार्मालेड?"

"छे, शिवतही नाही. कडू लागतं."

हे उकलायला मर्लला गुप्तहेर लागला नाही. तिने माझा तो चिकट हात धरला आणि बाटलीपासून दूर नेऊन धरूनच ठेवला.

निकालात तिचा नंबर पुन्हा दुसराच आला. मर्लला ते दोनदा सांगावं लागलं.