थंडा उजेड

अमरसिंगने खुराड्यातला पिवळा बल्ब काढताना फोडला, तरी त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याजागी त्याने सीएफएल लावला आणि कमरेवर हात ठेवून मागे सरला. घाटंजीजवळच्या त्या तांड्यावर घरोघरी सीएफएल त्याच्याच बोलण्यामुळे लागले होते.

"या नळीत पाऱ्याची वाफ असते," तो बायकोला सांगू लागला. "वीज गेली का तिच्यातून डोयाले न दिसणारा उजेड निंघते. तो आतल्या पांढऱ्या लेपावर पडला का लखलख! पिवळा बल्ब निस्ता तापते अन् वीज खाते. हा थंडा राह्यते."

"पिल्लं दिसली म्हंजे झालं," लालीबाई म्हणाली. कोंबडीची ती कोवळी पिल्लं तिने मोठ्या हौसेने आणली होती.

डिसेंबरचा सूर्य बुडाला तशी पिल्लं एकमेकांवर चढू लागली. चिवचिव वाढली आणि मग एकदम मंदावली. लालीबाईने एक पिल्लू उचललं. त्याची मान लटकत होती.

"अवो, हे थंडं पडून राह्यलं! काल त बल्बाखाली मस्त पसरून झोपले होते."

ज्या उष्णतेला अमरसिंग वीज वाया जाणं म्हणत होता, तिच्यावरच पिल्लं जगत होती. तो धावतच निघाला.

"पिवळा बल्ब?" शेजारची बसंतीबाई म्हणाली. "तुमीच त फेकायले लावला."

पलीकडच्या बाबुलालच्या घरीही तेच. "तरी पाह्यतो कुठी पडला असंन त," एवढं तो म्हणाला. दुकानदाराने तर हातच जोडले. "कोनी घेतच नाई आता. तुमी असं समजावून सांगतलं ना!"

आपलं म्हणणं लोक इतकं मनावर घेतात, हे अमरसिंगला प्रथमच कळलं. आनंद मात्र झाला नाही.

धापा टाकत तो परतला, तर खुराडं रिकामं! "लाली! गेले का सारे?"

घरातून बारीक चिवचिव आली. त्याने दार ढकललं. चूल पेटली होती, चुलीशेजारी त्याची बाज ओढलेली आणि बाजेवर, त्याच्याच गोधडीत, सगळी पिल्लं. मान टाकलेलं पिल्लू त्याच्या लेकीच्या, राखीच्या हातातून पाणी पीत होतं.

"दार लावा! गारवा येते," लालीबाई ओरडली.

"अन् मी कुठी बसू?"

"खुराड्यात. तिथं लय उजेड हाय."

तो गुमान बाहेर आला. खुराड्यातल्या भुशात बसून कुडकुडत असतानाच बाबुलाल धावत आला. "सापडला! कोठीत होता!"

अमरसिंगने झटक्यात सीएफएल काढून पिवळा बल्ब लावला आणि दोन्ही तळवे त्याच्याजवळ धरले.

बाबुलालने खाली वाकून पाहिलं. "पिल्लं कुठी हायेत?"

"येतीनच," अमरसिंग म्हणाला आणि बल्बाच्या आणखी जवळ सरकला.