मॅट पसंत पडेपर्यंत

कोणतेही कार्य हाती घेण्यापूर्वी त्याला लागणारे साहित्य नीट निवडावे, हे सर्व विचारी माणसांना मान्य आहे. साहित्य पुरेशा काळजीने निवडले, तर पुढे कार्य करण्याची पाळी सहसा येत नाही. माझ्या भाऊजींच्या बाबतीत मात्र थोडे निराळे घडले, म्हणून ही हकीकत लिहून काढणे मी कर्तव्य समजतो.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत. दुकानातला तराजू खरा की खोटा, मीटरपट्टी पुरी की आखूड, हे तपासून शिक्का मारायचा, हे त्यांचे काम. अशा माणसाला 'साधारण' हा शब्द सहन होत नाही. (ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आईने चहात साखर किती चमचे घालू असे विचारले. त्यांनी आधी चमचा बघायला मागितला. लग्न तरीही झाले.)

एके सकाळी ते बूट घालायला वाकले आणि तसेच राहिले. कमरेत उसण भरली होती. ताईने मला फोन करून बोलावले, आणि आम्ही दोघांनी त्यांना उचलून, आहे त्याच आकारात, पलंगावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की हाडे ठणठणीत आहेत, स्नायू आखडलेत. गोळ्यांनी दुखणे दबेल, पण जाणार नाही. त्यांनी चार आसने शिकवली आणि ती रोज करायला सांगितली. नाही केली तर फिरतीची नोकरी विसरा, म्हणाल्या. खात्यात फिरती बंद झालेल्या निरीक्षकाला जावक टपालाच्या टेबलावर बसवतात, आणि तिथे मोजण्यासारखे काहीच नसते.

"मॅट कोणती घ्यायची?" भाऊजींनी विचारले.

"कुठलीही चालेल," बाई म्हणाल्या.

 जेवताना भाऊजी म्हणाले, "कुठलीही म्हणजे काय? एवढ्या शिकलेल्या बाईंनी असं बोलावं?"

"माळ्यावर सतरंजी आहे," ताई म्हणाली. "त्यावर करा आजपासूनच."

भाऊजींनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने ते एरवी आतून पोकळ केलेल्या वजनांकडे पाहतात.

सबब, आसने मॅटच्या निवडीपर्यंत स्थगित झाली. दरम्यान रोज सकाळी भाऊजी खुर्चीत बसत, ताई खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधी, आणि भाऊजी समोरच्या भिंतीकडे बघत. तेवढा वेळ दोघेही पाण्याच्या मोटारीविषयी बोलत. मोटारीला काहीही झाले नव्हते.

निवडीचा पहिला टप्पा अभ्यासाचा होता. त्यातून असे निष्पन्न झाले की मॅट जाड असेल तर गुडघे सुखी राहतात पण तोल जातो, आणि पातळ असेल तर तोल राहतो पण गुडघे बोलू लागतात. रबराची घसरत नाही, पण वास मारते. फोमची वास मारत नाही, पण घसरते. निळा रंग मन इतके शांत करतो की आसनाऐवजी झोप लागते. (हे एका जाणकाराचे मत. त्याच्याकडे फक्त जांभळ्या मॅट होत्या.)

दुसरा टप्पा प्रत्यक्ष पाहणीचा. त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर खेळाच्या सामानाचे दुकान आहे. मालक पूर्वी सामन्यांना पंच असत, म्हणून सगळे त्यांना पंचच म्हणतात. भाऊजींनी दुकानात शिरून खिशातून जाडी मोजायचे यंत्र काढताच पंचांचा चेहरा उतरला.

"साहेब, तपासणी आहे का?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "कंबर आहे."

सहा मिलिमीटरची म्हणून ठेवलेली प्रत्येक मॅट सहाच्या आत भरली. पंचांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, मॅट मोजून कळत नाही. तिच्यावर पडून कळते."

हे भाऊजींना पटले. मात्र पडायचे तर नियमाने. प्रत्येक मॅटला समान संधी मिळावी म्हणून प्रत्येकीवर तीच चार आसने, त्याच क्रमाने, तितकाच वेळ. शिवाय थकलेल्या अंगाने घेतलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही, म्हणून फेरचाचणी. अशा रीतीने भाऊजी रोज संध्याकाळी फुटबॉल आणि रॅकेटींच्या मधल्या बोळकांडीत आडवे दिसू लागले. गिऱ्हाइके त्यांना ओलांडून जात. शटलकॉक घ्यायला आलेल्या एका बाई त्यांचे शवासन संपेपर्यंत दाराशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. काहीतरी वाईट घडले आहे, अशी त्यांची समजूत झाली होती.

एका सुट्टीच्या सकाळी ताईचा मला फोन आला.

"हे गेले," ती म्हणाली.

मी चपला शोधू लागलो. "कुठे?"

"दुकानात." ती पहिल्यापासून सांगू लागली. "मी पीठ मळत होते. हात धुऊन येते, म्हटलं. येऊन बघते तर खुर्ची रिकामी. स्वतः वाकले, बूट घातले आणि गेले."

भाऊजींच्या स्वतःच्या हे लक्षातच आले नव्हते. मॅट ठरली की आसने सुरू करणार, असे ते अजूनही सगळ्यांना सांगत.

आणि दुर्दैवाने मॅट ठरली. ती घरी आली, तेव्हा मलाही बोलावणे होते. भाऊजींनी ती दिवाणखान्यात अंथरली, चारही कोपरे काटकोनात आणले आणि आम्हाला लांबून बघायला सांगितले. गुंडाळलेली मॅट आधी सरळ व्हायला हवी, म्हणून त्या दिवशी आसने झाली नाहीत. मग ती सरळ झाली, पण इतकी छान सरळ झाली की तिच्यावर टाच रुतवणे त्यांच्या जिवावर आले. काही दिवसांनी धूळ बसू नये म्हणून ती पुन्हा गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत गेली. संध्याकाळी भाऊजींना जायला ठिकाण राहिले नाही. ते खुर्चीत बसू लागले. महिना पुरा व्हायच्या आत पुन्हा उसण भरली, आणि घरात पुन्हा पाण्याच्या मोटारीचा विषय निघाला.

ताईने मॅट काखोटीला मारली आणि मला घेऊन दुकान गाठले.

"ही बाद करा," ती पंचांना म्हणाली.

"काय दोष आहे?"

"काही नाही. तोच दोष आहे."

पंचांनी मान हलवली. "ताई, मी उभ्या जन्मात जाणूनबुजून चुकीचा निर्णय दिला नाही. माणसं अंगावर धावून आली, तरी दिला नाही."

मग ताईने त्यांना नाड्यांचे सांगितले. "माझं काही नाही हो," ती म्हणाली. "मला खाली बसायला काय होतंय. पण ते भिंतीकडे बघतात. एवढा वेळ भिंतीकडेच बघतात."

पंच बराच वेळ मॅटवरून हात फिरवत राहिले. संध्याकाळी त्यांचा भाऊजींना फोन गेला. मॅटच्या दोन कडांचा ताण समान नसल्याचे निदर्शनास आले आहे. निवड नव्याने करावी लागेल.

"मला पहिल्यापासून शंका होतीच," भाऊजी म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले.

तेव्हापासून निवड चालू आहे. ती आटोक्यात येते आहे असे दिसले की ताई जेवताना सहज म्हणते, "घाम आला तर रंग नाही ना उतरणार?" आणि प्रकरण फेरविचारार्थ जाते. भाऊजींची कंबर वेतासारखी झाली आहे. फिरती शाबूत आहे. डॉक्टरीणबाई आता आपल्या रोग्यांना आसने करा असे सांगतच नाहीत. मॅट निवडायला जा, म्हणतात. दुकानात त्यामुळे संध्याकाळी आडवे व्हायला जागा मिळत नाही. पंचांच्या निरीक्षणानुसार निवडणाऱ्यांपैकी बहुतेकांना गुण आला, विकत घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. त्यामुळे कोणी पाकीट काढलेच, तर ते त्याला आणखी दोन प्रकार दाखवतात.

परवा मी भाऊजींना बोलवायला दुकानात गेलो. ते डोळे मिटून पडले होते. मी शेजारी बसलो.

"ती परत केलेली मॅट," ते हळूच म्हणाले, "मी नंतर मोजली. दोन्ही कडांचा ताण सारखा होता."

पंच जवळपास नाहीत ना, ते मी मान वळवून पाहिले.

"तुझ्या ताईला कळू देऊ नकोस. रोज इतकं डोकं लावून दोष शोधते. आणि पंचांनी जन्मात एकच खोटा निर्णय दिला, तो काय मी खोडून काढू?" मग ते कुशीवर वळले आणि शिस्तीत पुढची मॅट ओढू लागले.

हकीकत एवढीच. यातून काय घ्यायचे ते सुज्ञ वाचकांनी घेतलेच असेल. म्हणजे भाऊजींना पसंत पडलेली ती मॅट नेमकी कोणती होती, हेच त्यांना विचारायचे असणार. सांगतो. राखाडी, रबराची, पाच मिलिमीटर. अवश्य घ्या. ठेवायची कुठे, ही चिंता नको. तुमच्या दाराआड उभी केलेली मागच्या वर्षीची थोडी सरकवली, की तिथेच दोन्ही मावतील.