दोन मिलिमीटरचं कारस्थान

पूर्व युरोपातल्या थोर गुप्तहेरांची यादी कोणी केलीच, तर पहिलं नाव ब्लागोये स्तोयिल्कोविचचं येईल, असं ब्लागोये स्तोयिल्कोविचचं ठाम मत होतं. गरुडाची नजर, तपस्व्याचा संयम आणि एका बटणावरून आख्खा माणूस उभा करणारी बुद्धी एकाच देहात, आणि तेही पाराचिनसारख्या गावात, राहायला आली याचं त्याला स्वतःलाच नवल वाटे. नोकरी म्हणाल तर एकतीस वर्षं रेल्वेच्या हरवल्या-सापडल्या सामानाच्या खिडकीमागे. लोक यायचे, आपापल्या छत्र्या घेऊन जायचे. त्या छत्र्या आपणच शोधून काढल्या असा त्याचा समज झाला, आणि निवृत्तीनंतर तो बळावतच गेला.

या वेळचं प्रकरण त्याच्याच गॅरेजात घडत होतं. त्याच्या चौतीस वर्षांच्या लाल गाडीचं स्टिअरिंग इतकं सैल झालं होतं, की ते पाव फेरा फिरवल्यावर चाकांना बातमी लागायची. टाय रॉडची, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांची, टोकं झिजली होती. शेजारचा झिवोराद तीस वर्षं बस डेपोत मिस्त्री होता. त्याने कुंपणावरून तीनदा सांगितलं, की वीस मिनिटांचं काम आहे, मी करून देतो. फुकट मदत करायला निघालेला माणूस काहीतरी लपवत असतो, अशी ब्लागोयेने वहीत नोंद केली आणि काम स्वतःच हाती घेतलं. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

त्याची बायको देसांका इतके दिवस काही बोलली नव्हती. पण येत्या रविवारी तिच्या माहेरी स्लावा होती, घराण्याच्या संताचा सण. या सणाला आमंत्रण नसतं. ज्याने यायचं त्याने आपणहून यायचं, आणि न येणाऱ्याची आठवण वर्षभर ठेवली जाते. मागच्या वर्षी ब्लागोये कार्बुरेटरचा तपास करत होता, त्याआधी ब्रेकचा, म्हणून दोन्ही सण हुकले. तिच्या माहेरगावची बस बंद पडली होती. तिची आई नव्वदीची.

"रविवारी मी जाणार," देसांका सूप वाढता वाढता म्हणाली. "गाडीने, नाहीतर पायी. पायी गेले तर परत यायची घाई करणार नाही."

ब्लागोयेने चमचा खाली ठेवला. गुप्तहेराला सहायक लागतो, आणि सूपही लागतं.

तसं काम त्याने नीट केलं होतं. जुनं टोक आट्यांवरून फिरवून काढताना फेरे मोजले, साडेसतरा. नवं तितकेच फेरे देऊन बसवलं. मग चाकं सरळ आहेत का हे पाहायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणली. दोरी बांधायला त्याने गॅरेजात रचलेल्या हिवाळी साठवणीतून मिरच्यांच्या चार जाडजूड बरण्या निवडल्या. त्या मागच्या वर्षीच्या होत्या आणि चारही सारख्या. दोरीपासून चाकापर्यंत पट्टीने मापलं, सगळं बरोबर. पण थोर माणूस खात्री करतो. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मापलं तर दोन मिलिमीटरचा फरक. त्याने तो दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन, या खेपेला दुसऱ्या बाजूला.

आधी त्याने घरच्या मांजराला दोषी धरलं. मग गॅरेजखालची जमीन दक्षिणेकडे सरकतेय असा शोध लावला. दोन्ही वेळा जेवताना विचार करत त्याने भाजलेल्या मिरच्या दोनदा मागून घेतल्या. लसूण छान मुरला होता आणि डोकं चालत होतं. शेवटी त्याने जमिनीवर पीठ भुरभुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिठात पावलं उमटलेली होती, अडतीस नंबरच्या चपलांची, घरातून येणारी आणि घराकडे जाणारी. ब्लागोये हसला. झिवोरादचा पाय चव्वेचाळीसचा. म्हणजे तपासाची दिशा चुकावी म्हणून हा भामटा बायकी चपला घालून येत होता.

पीठ कोणी सांडलं, एवढंच देसांकाने विचारलं.

शनिवारी त्याने गाडी अंगणातून सरळ पुढे काढली. ती मान वाकडी करून थेट झिवोरादच्या कोबीत घुसली. गाडीसुद्धा गुन्हेगाराकडे बोट दाखवते, याहून मोठा पुरावा कोणता? त्याने गाडी पुन्हा दोऱ्यांच्या मध्ये उभी केली आणि झिवोरादला गॅरेजात बोलावलं. मागे हात बांधून येरझारा घालत तो बोलू लागला. मत्सर कसा हळूहळू मुरतो, डेपोतल्या मिस्त्र्याला दुसऱ्याच्या हातातला पाना कसा खुपतो. झिवोराद कोबीचा मोडका गड्डा काखेत धरून ऐकत होता.

"आणि म्हणून रोज, कोणाच्याही नकळत, एक अदृश्य हात..."

"सरक जरा," देसांका म्हणाली.

ती दोघांच्या मधून आत आली, खाली वाकली, उजवीकडच्या बरणीची दोरी सोडली आणि बरणी काखेत मारली. तिच्या जागी मधाची एक बारीक बरणी ठेवून तिने दोरी पुन्हा नीट बांधली.

ब्लागोयेच्या येरझारा थांबल्या.

"हे तू रोज करतेस?" ब्लागोयेने विचारलं.

"मागच्या वर्षीचं संपल्याशिवाय यंदाचं फोडायचं नाही, एवढं तर तुला ठाऊक आहे. आणि रोज दोनदा मागून खातोस ते कुठून येतं?"

"पण दोरी?"

"मांजराने पाडू नये म्हणून तू बांधलीस असं वाटलं. म्हटलं, चाळीस वर्षांत घरासाठी काहीतरी केलंस."

झिवोराद हसता हसता कोबीवरच बसला. बारीक बरणीमुळे दोरी सरकायची, तिरक्या दोरीवरून ब्लागोये सरळ चाकं वाकडी करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग झिवोराद उठला, चार विटा आणल्या, त्यांच्यावर दोरी ताणली आणि काम केलं. अठरा मिनिटं लागली.

रविवारी गाडी देसांकाने चालवली. लायसन्स तिच्याकडे तरुणपणापासून होतं, आजवर कोणी विचारलं नव्हतं एवढंच. ब्लागोये मागे, मांडीवर सणाच्या केकचा डबा धरून. पूल ओलांडल्यावर त्याने डावीकडे वळायला सांगितलं. माझ्या माहेरचा रस्ता शोधायला गुप्तहेर नको, असं ती म्हणाली आणि उजवीकडे वळली.

म्हातारी फाटकाशीच खुर्ची टाकून बसली होती. आता तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"दोन वर्षं कुठे होतीस गं?"

देसांकाने नवऱ्याकडे पाहिलं. ब्लागोयेकडे कार्बुरेटर होता, ब्रेक होते, बंद पडलेली बस होती, एकाहून एक बिनतोड सिद्धांत होते. त्याने केकचा डबा खाली ठेवला.

"मी येऊ दिलं नाही, आई," तो म्हणाला. "दोष माझा."

साऱ्या कारकिर्दीत त्याने पकडलेला हा पहिला खरा गुन्हेगार. म्हातारीने त्याच्या गालावर एक हलकीशी चापट मारली आणि दोघांना आत जेवायला नेलं.